शोधनिबंधाची संदर्भसूची : नवशिक्यांसाठी, नांदेड-लातूर आवृत्ती

संदर्भसूची ही शोधनिबंध लिहून झाल्यावर करायची गोष्ट आहे, हे आधी मनावर घ्या. लिहिता लिहिता केली तर कोणतं वाक्य कुठून आलं हे लक्षात राहतं, आणि लक्षात राहिलं की ते मान्य करावं लागतं. त्यापेक्षा निबंध संपवावा, आकृत्या चिकटवाव्यात, घरच्यांचे आणि गाईडचे आभार मानावेत, आणि पाठवायला एक रात्र उरली की सरांना फोन करावा.

“कुठवर आलं रे?”

“झालंच की सर. रेफरन्सेसच टाकायलोय आता फक्त.”

त्या ‘फक्त’मध्ये साधारण तीन आठवडे मावतात. पुढचं मार्गदर्शन त्या तीन आठवड्यांपुरतं आहे. ज्यांनी वाचतानाच प्रत्येक निबंधाची नोंद करून ठेवली आहे त्यांनी इथेच थांबावं. पुढचे आनंद त्यांच्या नशिबात नाहीत.

पहिलं काम संदर्भ गोळा करण्याचं. पन्नास तरी हवेत. पन्नासच का, हे कोणी सांगत नाही, पण एकोणपन्नास असले तर समितीतले एक सर हमखास चष्मा काढतात. ते मिळवायचा राजमार्ग म्हणजे त्याच विषयावरचा आधीचा प्रबंध. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने ‘शोधगंगा’वर देशभरचे प्रबंध फुकट ठेवलेत. आपल्याच विभागातल्या सीनियरचा काढा आणि शेवटची वीस पानं उचला. यात भिण्यासारखं काही नाही. वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी यूजीसीने २०१८ साली जे विनियम केले, त्यांत साम्य मोजताना संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना आणि आभार वगळायला सांगितलं आहे. बाकी मजकुरात दहा टक्क्यांच्या वर साम्य गेलं की दंडाची पायरी सुरू होते. इथे शंभर टक्के चालतं. अनुशेष असलेल्या भागाने मिळालेली सवलत सोडू नये.

सीनियरनेही ती सोडलेली नसते, त्याच्या सीनियरनेही नसते, एवढाच यातला बारीक धोका. सूचीबरोबर तिच्यातल्या चुकाही वारसाहक्काने येतात. लॉस अँजेलिसच्या सिम्किन आणि रॉयचौधुरी या दोन संशोधकांनी २००३ मध्ये याचा हिशोब मांडला. कॉस्टरलिट्झ आणि थाउलेस यांच्या १९७३ सालच्या एका गाजलेल्या निबंधाला तोवर सुमारे ४,३०० जणांनी संदर्भात घेतलं होतं. त्यांतल्या १९६ नोंदी चुकलेल्या होत्या. पण वेगवेगळ्या चुका मोजल्या तर फक्त ४५. पान क्रमांकाची एकच चूक तर ७८ ठिकाणी, जशीच्या तशी. अठ्ठ्याहत्तर माणसांची बोटं एकाच आकड्यावर घसरली असं मानणं फार श्रद्धाळूपणाचं होईल. त्यावरून त्यांनी अंदाज काढला की संदर्भ देणाऱ्यांपैकी पाचातला एक जण मूळ निबंध उघडतो. कॉस्टरलिट्झ आणि थाउलेस यांना पुढे २०१६ मध्ये नोबेल मिळालं, तेव्हा न उघडल्याने त्यांचं काही अडलं नाही.

आणखी एक नमुना सांगतो, कारण तो टेम्प्लेट वापरणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचा आहे. एल्सविअर या प्रकाशकाच्या नमुना-फाईलीत संदर्भ कसा लिहावा हे दाखवायला वान देर गीर आणि मंडळींचा ‘शास्त्रीय लेख लिहिण्याची कला’ अशा अर्थाचा, २००० सालचा एक निबंध दिलेला असे. खंड १६३, पानं ५१ ते ५९. असा निबंध नाही. तसं जर्नलही नाही. तरीही जवळजवळ चारशे शोधनिबंधांनी त्याचा आधार घेतल्याचं २०१७ मध्ये उघडकीला आलं. लोकांकडून नमुना पुसायचा राहून गेला होता. म्हणून एक नियम : सूचीतली पहिली ओळ तुमची आहे का, एवढं तरी बघा.

आता शैली. शैली आपण निवडायची नसते, जर्नल सांगतं तीच घ्यायची असते. पण जर्नल कोणतं हे शेवटपर्यंत ठरलेलं नसल्यामुळे प्रत्यक्षात शेजारच्या टेबलावर जी चालू असेल ती घेतात. नांदेडला यासाठी फार चांगली सोय आहे. एकट्या विष्णुपुरीत स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा (स्वारातीम) विद्यापीठ आहे, श्री गुरु गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्था आहे आणि डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. वैद्यकीयचा निवासी डॉक्टर व्हँकुव्हर शैलीने नुसते आकडे टाकतो. अभियांत्रिकीचा विद्यार्थी आयट्रिपलईच्या चौकोनी कंसात आकडे टाकतो. विद्यापीठातला भूशास्त्रवाला गोल कंसात आडनाव आणि साल लिहितो. तिघांच्या खोलीला एकच लॅपटॉप असेल तर निबंधात तिन्ही दिसतात. समीक्षक त्याला ‘इनकन्सिस्टंट’ म्हणतात, आपण सर्वधर्मसमभाव म्हणावं.

व्हँकुव्हर हे नाव कॅनडातल्या गावाचं. १९७८ साली काही वैद्यकीय जर्नलांचे संपादक तिथे जमले आणि सगळ्यांनी एकच पद्धत मागायची असं ठरलं. त्यानंतर प्रत्येक जर्नलने त्या एका पद्धतीत आपापली सुधारणा केली. आडनाव-साल पद्धत, जिला हार्वर्ड म्हणतात, ती त्याहून जुनी. एडवर्ड मार्क नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने १८८१ साली एका निबंधात ती प्रथम वापरली असं मानतात, आणि तो निबंध होता बिनशंखाच्या गोगलगाईच्या अंड्यांवर. २०२२च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवकडे शंखी गोगलगायींनी सोयाबीनचे कोंब एका रात्रीत साफ केले, तेव्हा दुबार पेरणीची वेळ आलेल्या शेतकऱ्याला हे सांगायला कोणी गेलं नाही, आणि नाही गेलं तेच बरं. पण गोगलगाय या भागाला फक्त पिकातूनच छळत नाही, एवढी नोंद असावी.

एपीए शैली मानसशास्त्रवाल्यांची. १९२९ मध्ये ती एका जर्नलातल्या सात पानांच्या सूचनांत मावली होती. सध्याची सातवी आवृत्ती चारशे पानांच्या पुढे आहे. ती कोणी वाचत नाही. सगळे तिचा संदर्भ देतात.

यानंतर नावं. इथे घाई करू नका, कारण इथे तुमच्या घरातल्या माणसांचा प्रश्न आहे. लातूर विभागीय मंडळाच्या दहावीच्या गुणपत्रकावर आडनाव पहिलं, मग तुमचं नाव, मग वडिलांचं. नेटचा निकाल, पीएच.डी.ची नोंदणी, सगळं त्या क्रमाने पुढे सरकतं. मग जर्नलचा ऑनलाइन अर्ज येतो. त्यात ‘फर्स्ट नेम’, ‘मिडल नेम’, ‘लास्ट नेम’ असे तीन डबे. मुलगा गुणपत्रक समोर ठेवून प्रामाणिकपणे भरतो. शेवटच्या डब्यात वडील जातात. निबंध छापून येतो तेव्हा जगाच्या दृष्टीने तो वडिलांनी लिहिलेला असतो. पुढे दहा देशांतले लोक ‘वडील आणि इतर, २०२१’ असं म्हणतात. उदगीरच्या मोंढ्यात आयुष्यभर तुरीचे भाव बघितलेल्या माणसाच्या नावावर नॅनोकणांचं संशोधन जमा होतं. त्यांना हे सांगितलं तर ते बहुधा विचारतील, की यात पैसे किती भरले?

ज्यांच्या घरात शेख किंवा सय्यद आधीच पुढे लावायची रीत आहे त्यांचं आडनाव आद्याक्षर होऊन ‘एस.’ एवढंच उरतं. नांदेडच्या शीख घरांतला ‘सिंघ’ संपादकाच्या हाती ‘सिंग’ होतो आणि एकाच माणसाचे डेटाबेसमध्ये दोन होतात. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईंचे तर लग्नाआधीचे निबंध माहेरीच राहतात. आणि एस. एस. शिंदे, पी. पी. पाटील, एस. बी. जाधव या नावांनी मराठवाड्यात किती रसायनशास्त्रज्ञ आहेत हे विद्यापीठालाही सांगता यायचं नाही. एका शिंद्यांचा एच-इंडेक्स दुसऱ्या शिंद्यांच्या बढतीला उपयोगी पडल्याचे चमत्कार यातूनच घडतात. यावर उपाय २०१२ पासून आहे. ऑर्किड नावाचा सोळा आकडी क्रमांक, फुकट मिळतो. तो काढा आणि सगळीकडे एकच नाव वापरा. हे वाक्य गंमतीत लिहिलेलं नाही.

विद्यापीठ ज्यांच्या नावाने आहे त्यांची गतही पाहून घ्या. स्वामी रामानंद तीर्थ यांचं हैदराबाद मुक्तिसंग्रामावरचं इंग्रजी आत्मकथन १९६७ मध्ये आलं. इतिहासाचा विद्यार्थी ते सॉफ्टवेअरला देतो आणि सॉफ्टवेअर ‘तीर्थ, एस. आर.’ असं करून देतं. संन्यास घेण्याआधी ते व्यंकटेश खेडगीकर होते. घर सोडलं, आडनाव सोडलं, निजामाच्या तुरुंगात राहिले, आणि शेवटी आद्याक्षरांत अडकले. ग्रंथपालांची रीत अशी की ‘रामानंद तीर्थ’ हे एकत्र ठेवायचं आणि ‘स्वामी’ मागे घ्यायचं. सॉफ्टवेअरला हे हाताने सांगावं लागतं.

आता सराव. सरावाला लांबचं उदाहरण घेऊ नये. किल्लारी घ्या.

समजा तुम्हाला एकच वाक्य लिहायचं आहे : “१९९३च्या भूकंपात या भागाची मोठी हानी झाली.” आणि त्यापुढे कंसात संदर्भ. सोपं वाटतं. शोधायला बसा. हर्ष गुप्तांनी त्याच वर्षी ‘सायन्स’मध्ये लिहिलं ते लातूरचा भूकंप म्हणून. जिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने १९९४ मध्ये ३५ क्रमांकाचा ग्रंथ काढला, तोही लातूर भूकंप म्हणून. सीबर आणि त्यांचे पाच सहकारी १९९६ मध्ये किल्लारीचा भूकंप म्हणतात. त्याच वर्षी राजेंद्रन, राजेंद्रन आणि जॉन ‘जिओलॉजी’त किल्लारी लिहून कंसात लातूर घालतात. काही ठिकाणी स्पेलिंगमध्ये एक जादा ‘एच’ शिरतो आणि औशातलं गाव बैलाच्या जातीचं होऊन बसतं. तेव्हा एकाच शब्दाने शोधलंत तर निम्मं साहित्य हाती लागत नाही. ज्यांनी फक्त ‘लातूर’ टाकून शोधलं, त्यांना किल्लारीवर फारसं काम झालेलं नाही असा निष्कर्ष काढता येतो. ‘संशोधनातील उणीव’ नावाचा परिच्छेद असाच लिहिला जातो.

तारीख? विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट, तीन वाजून छप्पन्न मिनिटं, ३० सप्टेंबर. आपल्याकडे हे कोणाला विचारायची गरज नाही. पण ग्रिनिचला तेव्हा २९ तारखेची रात्र चालू होती, म्हणून परदेशी नोंदींत भूकंप २९ सप्टेंबरला होतो. एखाद्या समीक्षकाने ‘तारखेत विसंगती आहे, तपासा’ असा शेरा मारला तर विद्यार्थ्याने दोन्ही तारखा ठेवून दोन भूकंप झाल्यासारखं वाक्य करू नये. वेळ भारतीय की जागतिक, एवढं लिहिलं की पुरतं.

तीव्रता ६.२ आहे, ६.३ आहे आणि ६.४ सुद्धा. ज्याने ज्या मापाने मोजली त्याप्रमाणे. मृतांची संख्या कुठे ७,९२८ छापली आहे, कुठे ९,७४८, कुठे नुसतं ‘सुमारे दहा हजार’. इथे मार्गदर्शकाचा थट्टेचा सूर थोडा बाजूला ठेवतो. या दोन आकड्यांत अठराशे माणसांचं अंतर आहे. सास्तूर, मंगरूळ, किल्लारीच्या गल्ल्यांमध्ये ती माणसं नावानिशी माहीत आहेत. तुम्हाला खरा आकडा कोणता ते ठरवता येणार नाही, पण तुम्ही कोणाचा घेतला हे लिहिता येईल. आकड्याच्या लगेच पुढे, वाक्याच्या शेवटी नव्हे.

आणि मग मुख्य गंमत. सीबर मंडळींच्या निबंधाच्या नावात विचारलं आहे : मध्यजीव महाकल्पातल्या बेसॉल्टच्या थरांत हा नवाच भ्रंश आहे काय? राजेंद्रन मंडळींच्या निबंधाच्या नावातच उत्तर आहे, की प्री-कॅम्ब्रियन कवचातला जुना भ्रंश पुन्हा सरकल्याचं हे उदाहरण. म्हणजे एक नवा म्हणतो, एक जुना म्हणतो. आता नांदेड-लातूरच काय, कुठल्याही विद्यापीठातले पाच प्रबंध उघडा. “या भागात भ्रंश असल्याचे आढळले आहे” आणि पुढे एकाच कंसात सीबर १९९६, अर्धविराम, राजेंद्रन १९९६. दोन विरुद्ध बाजूंचे साक्षीदार एका बाकावर बसवून त्यांच्याकडून एकच वाक्य म्हणवून घेतलं जातं. कोर्टात असं झालं तर वकिलाला बाहेर काढतील. इथे व्हायव्हा होतो आणि पेढे येतात.

सीबरांच्या नावातलं प्रश्नचिन्ह तर सगळ्या सूचीतलं सगळ्यात महत्त्वाचं अक्षर आहे. टायपिंगवाला ते गाळतो. सूचीत प्रश्नचिन्हं कशाला, शेवटी पूर्णविराम असतो, असं त्याचं प्रामाणिक मत. एवढ्याने सहा शास्त्रज्ञांची शंका निश्चिती होते. आणि ज्याने ते प्रश्नचिन्ह ठेवलं आहे, पण त्यापुढे पूर्णविरामही दिला आहे, त्याने निबंध वाचलेला नाही पण सूचना वाचल्या आहेत.

याच नोंदीवर बाकीचे नियम शिकून घ्या, सगळे इथे सापडतात. लेखक बरोबर सहा. व्हँकुव्हर पद्धतीत सहापर्यंत सगळे लिहायचे आणि सातवा आला की सहांनंतर ‘एट अल’ म्हणायचं, म्हणून इथे सहाही लिहा. एपीएच्या सातव्या आवृत्तीत वीस लेखकांपर्यंत सगळे येतात, तिथेही सहा. काही जर्नलांना तीनच चालतात. दुसरे लेखक स्वीडिश वळणाच्या नावाचे, त्यांच्या ‘ओ’वर दोन टिंबं आहेत. लातूरच्या गंजगोलाईच्या आसपास कुठे डीटीपी करून घेतलं तर टिंबांच्या जागी चौकोन येतो, तो लक्षात ठेवून काढा. खंड १०१, पानं ८५४३ ते ८५६०. मधली रेघ आखूड की लांब यावर दोन जर्नलांचं एकमत नाही. व्हँकुव्हरवाले दुसऱ्या आकड्यातले समान अंक गाळून ८५४३-६० एवढंच लिहितात, आणि ते बघून एपीएवाला विद्यार्थी पान साठ शोधतो. जर्नलचं नाव ‘जर्नल ऑफ जिओफिजिकल रिसर्च’, त्याचं ‘जे जिओफिज रेस’ होतं, टिंबांसह किंवा टिंबांशिवाय. पण राजेंद्रन मंडळींचं ‘जिओलॉजी’ एका शब्दाचं आहे, आणि एका शब्दाच्या जर्नलचं नाव तोडायचं नसतं. ‘जिओल.’ असं लिहिलेलं दिसलं की समजावं, हा माणूस काटकसरी आहे.

एक सूचना तुमच्या निबंधात येणाऱ्या खोदकामाबद्दल. भूकंपानंतर किल्लारीला ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं होतं. वरचे ३३८ मीटर बेसॉल्ट, त्याखाली थोडा गाळाचा थर आणि मग जुना पाया. पाण्यासाठी न घेतलेला बोअर लातूर जिल्ह्यात विरळाच, २०१६ साली तर मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्यामुळे गावात विचारलंत तर लोक पहिल्यांदा पाणी किती इंच लागलं हे विचारतील. त्यांचा प्रश्न संदर्भसूचीत बसत नाही. ‘वैयक्तिक संवाद’ म्हणून देता येतो, मजकुरात, सूचीत नाही. एपीएत तसा नियमच आहे.

आता ठिकाणांची नावं, थोडक्यात, कारण याला अंत नाही. लातूर जिल्हा १९८२चा. त्याआधीचं लातूर शोधायचं तर उस्मानाबादमध्ये बघा. व्ही. एन. नाईक यांचं ‘फ्लोरा ऑफ उस्मानाबाद’ १९७९चं आहे, तेव्हा लातूरच्या माळावरचं गवत त्यात सापडतं. उस्मानाबाद आता धाराशिव झालं म्हणून पुस्तकाचं नाव बदलायचं नाही. जे छापलंय तेच लिहायचं. निजामी कागद वापरणार असाल तर साल फसली असतं, १३४५ फसली म्हणजे साधारण १९३५-३६. त्यात ५९० मिळवायचे आणि महिना बघून लागलं तर एक वर्ष पुढे करायचं. ‘साल चुकलंय, शिवाजी महाराजांच्या आधीचं आहे’ असा शेरा आला तर समीक्षकाने निजामी कागद पाहिलेले नाहीत असं समजा.

प्रबंधाचा संदर्भ देताना विद्यापीठाचं नाव द्यायचं असतं. नांदेडचं एखादं जुनं कॉलेज घ्या. १९९४ साली जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात ते मराठवाडा विद्यापीठात होतं. १४ जानेवारीला नामविस्तार झाला आणि ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात गेलं. १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्रामाच्याच तारखेला, नांदेडचं विद्यापीठ झालं आणि ते तिकडे आलं. इमारत तीच, प्राचार्यांची खुर्ची तीच. त्या वर्षीचा प्रबंध असेल तर मुखपृष्ठ बघितल्याशिवाय लिहू नका. आणि तुमचं स्वतःचं विद्यापीठ लिहिताना पूर्ण लिहा. स्वारातीम, एसआरटीएमयू, एसआरटीएमयूएन, एस.आर.टी. विद्यापीठ अशी चार रूपं चार निबंधांत गेली, की मूल्यांकनासाठी शोधनिबंध मोजणाऱ्याला ती चार वेगळी विद्यापीठं वाटतात आणि चारही कमकुवत निघतात.

सॉफ्टवेअरविषयी पुष्कळ लिहिता येईल, पण ते वापरून बघायचं असतं. झोटेरो फुकट आहे, २००६ पासून आहे, आणि एक बटण दाबून पन्नास नोंदींची शैली बदलतो. ज्यांनी हाताने रात्ररात्र स्वल्पविराम हलवलेत त्यांना हे पहिल्यांदा पाहून रडू येतं. मात्र त्यात जे घालाल तेच तो सुबक करून देतो. लेखकाच्या रकान्यात ‘ॲडमिन’ आला असेल तर तो ‘ॲडमिन, २०१९’ असं अत्यंत शिस्तीत छापेल. चॅटबॉटकडे संदर्भ मागणाऱ्यांसाठी एकच सूचना. तो जे देतो त्यात लेखक खरे असतात, जर्नल खरं असतं, साल पटण्यासारखं असतं, फक्त निबंध नसतो. किल्लारीवरचा असा एखादा निबंध तो देईल, जो सीबरांनी लिहायला हवा होता असं तुम्हालाही वाटेल. डीओआय क्रमांक, जो दहाच्या आकड्याने सुरू होतो, तो ब्राउझरमध्ये टाका. काही उघडलं नाही तर दुसऱ्या चॅटबॉटला विचारू नका.

कुठे पाठवायचं? यूजीसीने २०१७ साली मान्य जर्नलांची यादी केली, २०१८ मध्ये त्यातली ४,३०५ जर्नलं काढली, २०१९ पासून ‘केअर’ यादी आणली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद केली. या सगळ्या काळात एक प्रकारची जर्नलं टिकून राहिली. ती तीन दिवसांत निबंध स्वीकारतात, परिषदेच्या जेवणाआधी विशेषांक देतात, त्यांच्या मुखपृष्ठावर पृथ्वीगोल आणि तीन दशांशापर्यंतचा इम्पॅक्ट फॅक्टर असतो. त्यांना संदर्भ कोणत्याही शैलीत चालतात, नसले तरी चालतात. फी भरल्याची पावती मात्र त्यांना विहित नमुन्यात लागते.

चांगल्या जर्नलकडे पाठवलंत तर पहिला निबंध परत येईल. शेरा विज्ञानावर असेलच असं नाही, ‘संदर्भ आमच्या शैलीत नाहीत’ एवढाच असतो. किंवा समीक्षक लिहितो, की लेखकांनी पुढील तीन महत्त्वाचे निबंध पाहिलेले दिसत नाहीत, आणि तिन्ही निबंधांचे पहिले लेखक एकच असतात. समीक्षक कोण हे गुप्त ठेवण्याची पद्धत अशा वेळी विशेष हृद्य वाटते. ते तीन घाला. सरांचे चार आधीच घातलेले आहेत, आणि सहलेखकाचे दोन. उरलेल्या जागेत विषयावरचे घालायला हरकत नाही.

दुसऱ्या जर्नलकडे पाठवताना शैली बदलावी लागते. आकड्यांवरून नावांवर जाणं सोपं. नावांवरून आकड्यांवर जाताना क्रम मजकुरात पहिला उल्लेख जिथे येतो तिथून लावायचा असतो, वर्णक्रमाने नाही. हे लक्षात न आल्यामुळे कितीतरी निबंध ‘संदर्भ ४१’ने सुरू होतात.

निबंध स्वीकारला गेला की एके दिवशी प्रूफ येतं. सोबत लेखकासाठी प्रश्नांची यादी आणि ४८ तासांची मुदत, जी बहुधा पोळ्याच्या किंवा महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी सुरू होते. आकृती ३ स्पष्ट नाही. संदर्भ ९ मध्ये पान क्रमांक नाही. संदर्भ २२ आणि ३८ एकच आहेत का? आणि शेवटी : संदर्भ १७ सूचीत आहे, पण मजकुरात कुठेही आलेला नाही. मजकुरात उल्लेख करा किंवा सूचीतून काढा.

सतरा नंबर सरांचा असतो. काढायचा प्रश्नच नाही. मजकुरात कुठे घालावा हे कळण्यासाठी तो एकदा उघडून वाचावा लागेल, आणि प्रूफ परत द्यायला आता एकच दिवस उरलेला आहे. सरांना फोन करा. त्यांना विचारा, की तुमच्या त्या निबंधात नेमकं काय होतं. ते क्षणभर थांबतील आणि म्हणतील, “टाक ना कुठंतरी प्रस्तावनेत.”